डीएपीला रामराम म्हणे! पीएसबीच्या बाटलीवर जरा बोलू

काळंरान: कालपासून ती पोस्ट फिरतीये, 'जमिनीत पन्नास वर्षं पुरेल एवढा स्फुरद एफडीसारखा पडून आहे, एकरी एक लिटर पीएसबी सोडा आणि डीएपीला कायमचा रामराम ठोका'. नवख्यांसाठी: स्फुरद म्हणजे फॉस्फरस, डीएपी हे नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत, आणि पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. खाली नुसत्या टाळ्या. डोकं सणकलं म्हणून लिहितोय. पडून आहे हे खरंय. डीएपीच्या गोणीत २३ किलो स्फुरद, त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला १५-२० टक्के मिळालं तरी खूप, बाकीचं आपल्या काळ्या रानात चुन्याला जाऊन चिकटतं. पण जिवाणू ते सोडवतात कसे, तर ॲसिड सोडून, ग्लुकोनिक वगैरे. लॅबमधल्या काचेच्या ताटलीत कॉलनीभोवती झकास स्वच्छ वलय दिसतं, जाहिरातीत तोच फोटो. ताटलीत चुनखडी नसते हो! माझ्या रानाचा पीएच ८.३, ढेकळावर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं. तिथे जिवाणूचं ॲसिड स्फुरदापर्यंत पोचायच्या आधी चुनाच गिळून बसतो. रशियात १९५० च्या आसपास फॉस्फोबॅक्टेरिन नावाने हेच धूमधडाक्यात चाललं होतं, अमेरिकेत ट्रायल घेतल्या तर भरवशाचं काही हाती लागलं नाही.

रानमाणूस: म्हणजे कृषी विद्यापीठवाले इतकी वर्षं शिफारस करतायत ते सगळे येडे आणि तू एकटा शहाणा. पीएसबी नुसतं ॲसिडच सोडत नाही दादा, फॉस्फेटेज एन्झाइम पण असतं, सेंद्रिय स्फुरद मोकळा करतं, तिथे तुझ्या चुनखडीला कोण विचारतंय. आता शेणखताची पाटी पण टाकायची नाही म्हटल्यावर जिवाणूंनी खायचं काय, तुझं डोकं? मी हरभऱ्याच्या बियाण्याला पीएसबी दरवर्षी चोळतो, बांधाकडची काही तासं मुद्दाम बिगर चोळलेली ठेवली होती, फुलोऱ्यात लांबून फरक दिसत होता.

काळंरान: बांधाकडची तासं!! तिथे बाभळीची सावली, वर तिच्या मुळ्या, पीक मार खाणारच. ट्रायल म्हणे.

रानमाणूस: आमच्या बांधावर बाभूळ नाहीये. न बघता ठोकून द्यायची सवय जुनीच आहे तुझी.

बांधावरची ताई: भांडताय कशावरून, बाटलीत जिवाणू जिवंत आहेत का ते तरी बघा आधी. नियमाने एका मिलीत १० कोटी पेशी पाहिजेत. आणि माल ठेवलेला असतो कुठे, तर मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधे. वर आपले लोक थायरम, म्हणजे बुरशीनाशक, चोळलं की त्या ओल्या बियाण्यावरच पीएसबी ओततात आणि मग म्हणतात रिझल्ट नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, वाळू द्यायचं, जिवाणू सगळ्यात शेवटी आणि ते पण सावलीत. सोयाबीन असेल तर हलक्या हाताने, नाहीतर टरफल निघून उगवणीचे वांधे.

कापूसकोंड्या: ताई तुम्ही चोळायचं सांगताय, मला ती बाटली नकोच होती. डीएपी आणायला गेलो, १३५० ची गोणी, दुकानदाराने सोबत ही गळ्यात मारली. लिंकिंग! नको म्हटलं तर लगेच 'स्टॉक संपला'. घरी खिडकीत रांग लागलीये बाटल्यांची, एकीच्या बुचाखाली तर चक्क बुरशी.

खतवाला: दुकानदाराला शिव्या घालणं सोपंय. आम्हाला वरूनच गाडीबरोबर माल चिकटवून येतो, नाही म्हटलं की पुढची गाडी बंद. आमचे पैसे अडकतात त्याचं काय?

कापूसकोंड्या: मग वरच्यांशी भांडा की, आमच्या खिशात का हात घालता? ऐन पेरणीत ओल उडून चाललेली असते, तेव्हा माणूस काय वाद घालत बसणार, हे बरोब्बर माहितीये तुम्हाला.

बांधावरची ताई: पक्की पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. तोंडी बोंबलून काही होत नाही.

खतवाला: द्या ना, खुशाल द्या. परत खत मागायला कुठे जाणार तेही ठरवून ठेवा.

बांधावरची ताई: धमकी देताय का?

काळंरान: धागा कशावर होता आणि चाललाय कुठे. रानमाणूस, बाबा तुझे जिवाणू अमर होवोत. शेणखत भरपूर असेल आणि माती परीक्षणात स्फुरद जास्त आला तर डीएपी चतकोर कमी करून बघेन, बास. पूर्ण बंद नाही म्हणजे नाही. दरसाल हरभऱ्याच्या पोत्यांतून स्फुरद मोंढ्यावर जातो, तो काय बाटलीतले जिवाणू परत आणून देणारेत? एफडी मोडून खाल्ली की कधीतरी खडखडाट होणारच.

रानमाणूस: पूर्ण बंद करा असं मी कधी म्हणालो? ते पोस्टवाल्याला विचार. चतकोरावर आलास हेच खूप झालं, नवस फेडतो.

कापूसकोंड्या: तुमचं मिटलं वाटतं. खतवाले, त्या बाटलीची पावती देताय का नाही ते सांगा.

खतवाला: दुकानावर या, बघू.