मदत हवी आहे: १० इंची टॉमला दुपदरी हेड घातलं आणि त्याचा आवाजच बसला

नमस्कार मंडळी,

ड्रमचं किट साधंच आहे, पाच नगांचं. १० आणि १२ इंची रॅक टॉम (वर टांगलेले), १६ इंची फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा), १४ चा स्नेअर (खाली तारा लावलेला), २२ ची किक (पायाने वाजवायची). आजवर तिन्ही टॉमवर १० मिलची एकपदरी क्लिअर हेड (ड्रमवर ताणून बसवलेली प्लास्टिकची कातडी) होती. माझा हात जड, काड्या ५बी (जाडसर), त्यामुळे काही महिन्यांत हेडवर खड्डे दिसायला लागायचे. यंदा म्हटलं टिकाऊ काहीतरी घालू. तिन्ही टॉमसाठी एकाच जातीची दुपदरी क्लिअर हेड आणली, ७ + ७ मिलची, आणि अख्खी दुपार खर्चून बसवली.

१६ चा असा काही सुधारलाय की विचारू नका. आधी एक फटका दिला की ढूंऽऽऽ करत घुमत बसायचा. नुसती किक मारली तरी हा मागून आपला गुणगुणतोय. आता धुम्, आणि विषय संपला. १२ चा ठीक आहे. पण १० चा? पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारावी तसा टप् वाजतो. स्वर म्हणून काही उरलेलाच नाही. हूपवर (हेड दाबून धरणाऱ्या कड्यावर) टिश्यूची घडी चिकटवून वाजवतोय असं वाटतं, आणि गंमत म्हणजे टिश्यू लावलेलाच नाही.

तर प्रश्न असा: हेडची जाडी ड्रमच्या मापाप्रमाणे बदलायची असते का? १० ला एकपदरी आणि १६ ला दुपदरी ठेवलं तर वरून खाली फिल (तालाच्या मधला भरणीचा तुकडा) घेताना दोन वेगवेगळ्या किटवर वाजवल्यासारखं नाही का वाटणार? आणि मधल्या १२ ला कुणाच्या पंगतीला बसवायचं?

टॉमच्या खालच्या बाजूची हेड किटसोबत आलेलीच आहेत, कधी हातसुद्धा लावलेला नाही. (हसू नका, पण परवापर्यंत मिल म्हणजे मिलीमीटर असंच समजत होतो. १० मिलीमीटर जाडीचं प्लास्टिक इतकं कसं वाकतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही याचंच आता नवल वाटतं.)

प्रतिसाद १

मिलचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. १० मिल म्हणजे जेमतेम पाव मिलीमीटर.

आता तुमच्या १० इंचीकडे येऊ. मला वाटतं तिथे दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. आधी हे सांगा, नवं हेड बसवताना ताणाच्या स्क्रूंना तुम्ही जुन्याइतकेच फेरे दिलेत का? तसं असेल तर अर्धा दोष हेडचा नाही. ७ + ७ म्हणजे १४ मिल, जुन्यापेक्षा ४० टक्के जास्त वजन. ताण तेवढाच ठेवला तर स्वर जवळजवळ तीन अर्धस्वरांनी खाली येतो. छोट्या टॉमला हे झेपत नाही, तो ढिलाच वाटायला लागतो. आधी तो वर चढवून बघा.

पण चढवूनही थोडा मुका राहीलच, ते मात्र हेडमुळे. दोन पदर एकमेकांना घासतात, त्यात वरचे ओव्हरटोन (मूळ स्वरासोबतचे उंच उपस्वर) आधी विझतात. १६ वर तुम्हाला नेमकं तेच हवं होतं. १० वर मुळात हलायला जागा थोडी, सस्टेन (आवाज टिकणं) आखूड, त्यात जे काही उरलंय तेही तुम्ही घालवलंत.

दुसरं असं की बहुतेक लोक फ्लोअर टॉम नुसत्या मापाच्या हिशोबापेक्षाही खाली लावतात. ताण सारखा ठेवला तर १० आणि १६ मध्ये साधारण आठ अर्धस्वरांचं अंतर पडतं, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात बरेच जण पूर्ण सप्तकाचं ठेवतात. म्हणजे मोठा टॉम नेहमी जास्त सैल. सैल हेड पातळ असलं की जोरदार फटक्याला आधी स्वर चढतो आणि मग घसरत खाली येतो, ते ड्यूंव माहीत असेलच. जाड हेड त्याच फटक्याला कमी दबतं. त्यामुळे तुमच्यासारख्या जड हाताला १६ वर दुपदरी शोभतं आणि १० वर जाचतं. मी असतो तर १० आणि १२ दोन्हींना परत १० मिल, १६ ला आहे तेच.

प्रतिसाद २

वरच्यांशी थोडा असहमत. जाडी बदला, पण एकदम एकपदरीवरून दुपदरीवर उडी नको, फिलमध्ये कळतं. १० वर हलकेच टण् आणि १६ वर धप्, मधे पूलच नाही. मी कित्येक वर्षं तिन्ही टॉमवर एकच हेड वापरतो, १२ मिलचं एकपदरी कोटेड (वर खरखरीत लेप असलेलं). १० मिलपेक्षा थोडं दमदार, आणि पदर एकच असल्यामुळे गळा मोकळा राहतो. छोट्या टॉमचं गाणं आणि मोठ्याचं घुमणं, दोन्ही मी खालच्या हेडवरून सांभाळतो.

तुम्ही खालच्या हेडला कधी हात लावला नाही म्हणता, तेच मला खरं दुखणं वाटतंय. वरचं हेड अटॅक (फटक्याचा पहिला ठोका) देतं, पण आवाज किती वेळ टिकणार आणि कोणत्या स्वरावर टिकणार यात खालच्याचा वाटा मोठा. किटसोबतची बरीच हेड पातळ आणि सुमार असतात, वर्षानुवर्षं तशीच राहतात. वर १४ मिल बदलत बसायचं आणि खाली वळूनही बघायचं नाही, याला काय म्हणावं!

आणि मिसळायचीच असतील तर फिनिश तरी एक ठेवा. १० आणि १२ वर क्लिअर आणि १६ वर कोटेड असं केलंत तर जाडीचा फरक कानाला दुप्पट वाटतो.

धागाकर्ता

फेरे जुन्याइतकेच दिले होते, पकडलंत. आज १० चा चढवला. हेडच्या मध्यावर बोट अलगद टेकवून प्रत्येक लगपासून (ताणाचा स्क्रू बसतो त्या जागेपासून) इंचभर आत काडीने टकटक करत फिरलो. सहापैकी दोन लग सपशेल खाली होते. सारखे करून चढवल्यावर स्वर लागला, पण मागे रेंगाळणारं शेपूट नाही. टप् चा टक् झाला म्हणा.

खालचं हेड उघडलं तर मध्यभागी बोटाने चिमटीत धरता येईल इतकी सुरकुती. आणि बेअरिंग एजवर, लाकडाच्या काठावर, जुना भुसा मेणासारखा चिकटलेला. पुसून काढला. ड्रम काचेच्या टेबलावर उपडा ठेवून आतून टॉर्च मारला, उजेडाची फट कुठे दिसली नाही. म्हणजे काठ बरा आहे.

प्रतिसाद १

काठ बरा असेल तर निम्मी काळजी मिटली. खाली १० मिलचं साधं एकपदरी क्लिअर घाला, रेमोचं अँबॅसेडर किंवा एव्हान्सचं जी१, दोन्ही त्याच जाडीची. आणखी उघडा आवाज हवा असेल तर साडेसात मिलचं डिप्लोमॅट. खाली दुपदरी मात्र चुकूनही नको, तिथे काडी पडत नाही तेव्हा टिकाऊपणाचा फायदा शून्य आणि सस्टेनचं नुकसान पूर्ण.

प्रतिसाद ३

टॉमचं पुरेसं झालंय, स्नेअरचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. स्नेअरच्या खाली चुकूनही टॉमचं १० मिल लावू नका. एका मित्राने घाईत लावलं होतं, खालच्या तारा बोलेनातच. तिथे खास स्नेअर साइडचं हेड लागतं, बहुधा ३ मिलचं. २ आणि ५ मिलचीही मिळतात. इतकं पातळ की आतून उजेड आरपार दिसतो आणि काडीचं टोक लागलं की फाटतं. वर मात्र जड हाताला दुपदरी कोटेड चालेल. काड्यांऐवजी ब्रशने वाजवत असाल तर कोटेड हवंच, आणि मग एकपदरी बरं, नाहीतर हलकं काम सगळं दबून जातं.

किकची जाडी फार मनावर घेऊ नका. तिथे कडेची आतली रिंग आणि आतली उशीच जास्त काम करतात.

धागाकर्ता

आठवड्याने परत आलो. जे केलं ते सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी फक्त १० ला एकपदरी घातलं, १२ ला दुपदरीच ठेवलं. प्रतिसाद २ ची भीती खरी ठरली. १० वरून १२ वर येताना कुणीतरी मधेच दार लावून घेतल्यासारखं वाटायचं. मग १२ ला पण एकपदरी. आता ते दोघं जुळ्या भावांसारखे बोलतात. १२ वरून १६ वर येताना फरक आहे, नाही असं नाही, पण तिथे स्वराचं अंतरच मोठं असल्यामुळे कानाला खटकत नाही. रेकॉर्ड करून ऐकलं, मला तर आवडलं.

तिन्हींच्या खाली १० मिल एकपदरी. १६ चं खालचं वरच्यापेक्षा थोडं चढं ठेवलं, तेव्हा किकबरोबरचं गुणगुणणंही बरंच कमी झालं. १० ला खालचं आणि वरचं जवळजवळ एकाच स्वरात, तिथे शेपूट सगळ्यात लांब मिळालं.

खड्ड्यांचा प्रश्न तसाच राहिला. १० वर आठच दिवसांत एक छोटा उमटलाय. हात हलका करायचा की बारीक ५ए काड्यांवर यायचं, ते ठरवतोय. ५ए ने काल अर्धा तास वाजवलं, छोट्या टॉमला छान वाटलं, स्नेअरला उगाच भीत भीत वाजवल्यासारखं. स्नेअरवर अजून जुनंच १० मिल आहे. तिथे आधी दुपदरी कोटेड लावून बघतो, काड्यांचं मग.