माऊस एकीच्याच हातात राहतो, ती खरी अडचण

पाच जणांत एक संगणक म्हणजे एक शिकणार आणि चौघे बघे, म्हणून गावातल्या संगणक वर्गात माणशी एक यंत्र हवं, असं काही जण म्हणतात. निदान पटतं, उपाय नाही.

१९९९ साली शिक्षण-संशोधक सुगाता मित्रांनी दिल्लीत कालकाजीला वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवला, तिथे मुलं घोळक्यातच शिकली. मोठ्यांचं तसं नसतं. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बायकांच्या बचतगटात जिची मुलगी कॉलेजात, तीच माऊस धरते; बाकीच्या 'तूच कर गे' म्हणून मोकळ्या!

तेव्हा काम वाटून द्या, तेही गरजेचं. एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या जमीन-नोंदीचा, उतारा ऑनलाइन काढायला घ्या. एकीने तालुका आणि गाव निवडायचं, दुसरीने सर्व्हे नंबर टाकायचा, तिसरीने पोटविभाग. जिला येतं तिने फक्त तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. उतारा उघडला की कुळाच्या रकान्यात कोणाचं नाव यावर चर्चा रंगणारच. रंगू द्या. पुढचा उतारा काढताना जागा बदलायच्या.

मराठी टंकायला इनस्क्रिप्ट हा कळफलक बरा. स्वर, काने-मात्रे डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या. दोघींनी एकेक बाजू सांभाळायची: उजवीकडची 'क' दाबते, डावीकडची हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी कळ), पुन्हा उजवीकडून शिफ्टसह 'ष', की झाला 'क्ष'. एकटीला हे कंटाळवाणं वाटतं, जोडीने हसत जमतं.

आणि हो, वर्ग गणेशचवथीच्या तोंडावर ठेवू नका. कोणी फिरकत नाही.