मदत हवी आहे: सेल ३.९ व्होल्ट दाखवतो, तरी टॉर्च मंदावते

नमस्कार मंडळी. एका १८६५० सेलवर (पुन्हा चार्ज होणारा, गोल लिथियम-आयन सेल) चालणाऱ्या जुन्या टॉर्चचा एलईडी आणि ड्रायव्हर (एलईडीला किती करंट जाईल ते ठरवणारं सर्किट) बदललाय. टॉर्च लागते, पण चार दिवस एकाच ठिकाणी अडकलोय.

ड्रायव्हर साधा लिनिअर आहे, म्हणजे जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवणारा. त्यावर करंट ठरावीक ठेवणाऱ्या ७१३५ नावाच्या आठ चिप, प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर, म्हणजे सगळ्या मिळून २.८ अँपिअर. एलईडी ३ व्होल्टवाला, तांब्याच्या बोर्डवर, खाली थर्मल पेस्टचा पातळ थर. झोताच्या मधोमध काळा ठिपका येत होता. एलईडीभोवतीची प्लास्टिकची रिंग कानशीने घासत घासत अर्धा मिलिमीटर उतरवली, तेव्हा तो गेला. अख्खी दुपार त्यात गेली, पण झोत आता इतका स्वच्छ पडतो की बघत राहावंसं वाटतं.

अडचण अशी. सेल ४.१८ व्होल्टला असताना उजेड भरपूर. दहाएक मिनिटांत तो उतरायला लागतो. तेव्हा सेल काढून मोजला तर ३.९, म्हणजे अर्ध्याहून जास्त भरलेला! तापल्यामुळे होत असेल म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिली, फरक नाही. मागच्या झाकणातली स्प्रिंग मात्र बोटाला चटका बसेल इतकी तापते. मल्टीमीटर लावून मागून करंट मोजला तर १.९ अँपिअरच येतो.

सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलाय. काढला तेव्हा १.४ व्होल्टवर होता, पण चार्ज झाला.

दोष स्प्रिंगचा की सेलचा? ड्रायव्हर पुन्हा उपसायची माझी तयारी नाही, तो फार घट्ट बसलाय. टॉर्च धाकट्या बहिणीसाठी आहे, ती रात्री बेडकांच्या नोंदी करायला जाते, त्यामुळे अर्धवट काम तिच्या हातात द्यायचं नाही.

प्रतिसाद

आधी तो सेल बाजूला काढा. १.४ पर्यंत उतरलेला लिथियम-आयन सेल पुन्हा चार्ज करूच नये. इतक्या खाली गेला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं, आणि चार्जिंगच्या वेळी भलतीकडे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्ज झाला म्हणजे बरा झाला असं नाही. बंद धातूच्या नळीत घालून बहिणीच्या हातात तर नकोच.

१.९ चा आकडा विसरा. मीटरच्या बारीक वायरींचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. चांगला सेल घालून झाकण काढा आणि जाड, आखूड तांब्याची वायर सेलच्या मागच्या टोकापासून नळीच्या कडेला टेकवा. आट्यांवर ॲनोडायझिंग (धातूवरचा ऑक्साइडचा थर) असेल तर तिथून वीज जाणार नाही, कडेचा उघडा, चकचकीत धातू शोधा. उजेड वाढला तर दोष झाकणात.

हिशेब सोपा आहे. इतक्या करंटला एलईडीला साधारण ३.३ व्होल्ट लागतात, ७१३५ लाही काम करायला थोडे व्होल्ट लागतात, म्हणजे ड्रायव्हरपाशी ३.४५ तरी पोचायला हवेत. स्प्रिंग आणि स्विच मिळून ०.१ ओहम धरला तर ०.२८ व्होल्ट तिथेच खर्च. थकलेल्या सेलच्या आत तेवढेच आणखी. ३.९ मधून हे वजा करा, उरतात ३.३४, म्हणजे हव्या असलेल्या ३.४५ पेक्षा कमी, म्हणून उजेड उतरतो.

नवा सेल प्रोटेक्शनवाला (सोबत सुरक्षेचं छोटं सर्किट असलेला) घेणार असाल तर लांबी मोजून घ्या. साधा ६५ मिलिमीटरचा असतो, प्रोटेक्शनवाला तीन-चार मिलिमीटर जास्त भरतो आणि झाकण लागत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. नवा सेल घातला तर थोडा फरक पडला, पण वायर टेकवल्याबरोबर उजेड एकदम उसळला. मग स्प्रिंगच्या पोटातून सोल्डर शोषायची तांब्याची जाळीपट्टी नेली आणि दोन्ही टोकांना सोल्डर केली. पहिल्यांदा पट्टी ताठ राहिली, स्प्रिंग दबेना. दुसऱ्या वेळी थोडी सैल ठेवली.

आता सेल ३.६ ला येईपर्यंत उजेड हलत नाही आणि स्प्रिंग जेमतेम कोमट होते. जुन्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवलाय, वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे देईन.

ड्रायव्हरकडच्या स्प्रिंगलाही अशीच पट्टी लावावी का? ती तापत नाही, म्हणून तूर्त हात लावलेला नाही.