मेडिकेडच्या नियमांना स्थगिती: २००८ चा दाखला

नियमबदल पुढे ढकलणे हा निव्वळ वेळकाढूपणा असतो, असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. मेडिकेड, म्हणजे केंद्र आणि राज्ये मिळून ज्याचा खर्च उचलतात तो अमेरिकेतील गरिबांचा आरोग्यविमा, याबाबत बुश प्रशासनाने २००७-०८ मध्ये सात नियम आणले. त्यांत सरकारी रुग्णालयांच्या मोबदल्यावर मर्यादा होती, निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्च वगळला होता आणि अपंग मुलांना शाळेत नेण्या-आणण्याचा खर्चही नाकारला होता. इतके दूरगामी बदल काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदानाविना व्हावेत, हेच मुळात गैर होते. एप्रिल २००८ मध्ये तिच्या प्रतिनिधिगृहाने स्थगितीचे विधेयक ३४९ विरुद्ध ६२ मतांनी संमत केले, म्हणजे अध्यक्षांच्या स्वपक्षीयांपैकीही बहुसंख्य सदस्य त्याच्या बाजूने उभे राहिले. अखेर जूनमध्ये, युद्धखर्चाच्या पुरवणी विनियोजन कायद्यातून, सहा नियम १ एप्रिल २००९ पर्यंत थांबवण्यात आले. बाह्यरुग्ण सेवांचा, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, सातवा नियम तेवढा या स्थगितीत नव्हता. पुढे त्यातील काही नियमांवरील स्थगितीची मुदत आणखी वाढली आणि २००९ च्या जूनअखेर नव्या प्रशासनाने शाळांविषयीचा व बाह्यरुग्ण सेवांचा हे दोन्ही नियम रद्द केले. स्थगिती नसती, तर शाळांना मिळणारा मेडिकेडचा हा निधी तोवर बंद झाला असता.