भाच्याचा बास्केटबॉल: कॉलेजनंतर पुढे कुठवर, आणि आत्ता काय सुधारायचं?

पुण्याचा_मामा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज सल्ला हवाय म्हणून धागा काढतोय.

भाचा १९ वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. ताई-भावजी नागपूरला, हा शिक्षणासाठी पुण्यात माझ्याकडे राहतो. कॉलेजच्या संघात गार्ड खेळतो, म्हणजे बाहेरून चेंडू घेऊन येणारा. यंदा विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आला. आल्यापासून एकच धोशा, "मामा, मला प्रो व्हायचंय." तिकडे ताई रोज फोनवर विचारते, "खरंच जमेल का रे त्याला? की सीएच्या मागे लावू?" दोघांनाही खरं काय ते सांगायचंय, पण मी पडलो क्रिकेटवाला. म्हणून गेल्या चार महिन्यांत त्याचे नऊ सामने वही घेऊन पाहिले.

पहिलं पाऊल फार जलद आहे. समोरचा सावरेपर्यंत हा त्याच्या खांद्याला खांदा लावून पुढे निघालेला असतो. दम भरपूर, चौथ्या क्वार्टरलाही तोच वेग. आणि चेंडू मागायला घाबरत नाही.

आता खटकतं ते. डावा हात जवळजवळ नाहीच. विभागाच्या स्पर्धेतला एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. तिसरा क्वार्टर, डाव्या साइडलाइनने बेसलाइनपर्यंत सुंदर घुसला, चेंडू डाव्या हातात, बोर्डाच्या डाव्या बाजूला पोचला. उडी घेताना चेंडू उजव्या हातात घेतला. मदतीला आलेल्या त्यांच्या सेंटरने (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) तो बोर्डावरच दाबला. त्यानंतर ते लोक त्याला उजवीकडे जाऊच देईनात. डावी बाजू मोकळी ठेवून उभे राहिले. त्यांना कळलं होतं.

नऊ सामन्यांत ४१ फ्री थ्रो, त्यातले २३ आत गेले. थ्री पॉइंटर मारतो तो बहुतेक वेळा स्वतः ड्रिबल करून, कुणाचा तरी हात तोंडावर असताना. उंची बूट घालून ५ फूट ११.

दुसरी गोष्ट. एका एजंटाने 'अमेरिकेतल्या कॉलेजची स्कॉलरशिप, हमखास' असं सांगून काही लाख मागितलेत. भाचा हरखलाय. मला धास्ती वाटतेय.

प्रो म्हणजे आपल्याकडे नक्की काय? आणि सहा महिन्यांत सुधारायचं ठरवलं तर सुरुवात कुठून?

जुना_गार्ड

मामा, वही घेऊन बसलात हे वाचून फार बरं वाटलं. बहुतेक घरचे फक्त पॉइंट मोजतात.

मी मुंबईत नागपाड्याच्या कोर्टांवर वाढलो. तिथे आजही अब्बास मूनतसीरांचं नाव आदराने घेतात. त्याच गल्ल्यांतून भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या कोर्टांवर नव्या पोराला बघायचे ते असे: चेंडू हातात नसताना हा काय करतो? तुमच्या वहीत तो रकाना नाही. पुढच्या सामन्यात घाला.

आधी उंची. बूट काढून मोजा. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली प्रो लीगसुद्धा २०१९ पासून खेळाडूंची उंची अनवाणी नोंदवते. ५ फूट १० च्या आसपास भरली, तर वरच्या पातळीवर हा शूटिंग गार्ड (मुख्यतः बास्केट करणारा गार्ड) म्हणून चालणार नाही, तिथे ती जागा सव्वासहा फुटांच्या पोरांची असते. म्हणजे पॉइंट गार्ड, संघाची चाल मांडणारा, व्हावंच लागेल. पॉइंट गार्डचं पहिलं काम बास्केट करणं नाही, पिक अँड रोलमध्ये (आपला एक जण बचाव करणाऱ्याची वाट अडवतो आणि मग रिंगकडे धावतो) समोरचे दोघं काय करतात ते वाचणं आहे. तुमच्या लिहिण्यात पासचा उल्लेख एकदाही आला नाही. तो पास देत नाही की तुमच्या नजरेत आला नाही?

फ्री थ्रो ५६ टक्के झाले. माझ्या मते ही सगळ्यात वाईट आणि सगळ्यात लवकर सुधारता येण्यासारखी गोष्ट. जो गार्ड घुसतो त्यालाच फाउल मिळतात, आणि शेवटच्या दोन मिनिटांत असा हात असेल तर कोच त्याला बाहेर बसवतो. ताज्या दमाने मारायचे नाहीत. कोर्टाच्या दोन फेऱ्या पळायच्या, दोन फ्री थ्रो, परत दोन फेऱ्या. असे रोज ५०. वहीत लिहा.

डाव्या हातासाठी मायकन ड्रिल. बोर्डाखाली उभं राहायचं, एकदा उजवीकडून उजव्या हाताने, एकदा डावीकडून डाव्या हाताने, चेंडू खाली न पडू देता. सुरुवातीला लाज वाटेल इतकं चुकेल. पहिला महिना फक्त डाव्या हाताने करायला लावा. आणि जेवताना, दार उघडताना, दात घासतानाही डावाच हात. हे मी स्वतः केलेलं आहे.

जेलन ब्रन्सनचे सामने दाखवा त्याला. ६ फूट २, विलानोव्हा विद्यापीठाकडून तीन वर्षं खेळला, २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तो) दुसऱ्या फेरीत ३३ वा गेला. वेग बघाल तर साधा. पण पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात शिरून दोन्ही पायांवर थांबतो, एक पाय रोवून वळतो (पिव्हट), बचाव करणारा हवेत गेला की मग मारतो. तुमच्या भाच्याकडे वेग आहे, थांबणं नाही. त्या बेसलाइनवर दोन पायांवर थांबला असता तर तो सेंटर हवेतून बाहेर गेला असता.

कोर्टसाइड_ओहायो

त्या एजंटाला आधी नाही म्हणा. कॉलेजच्या खेळाची स्कॉलरशिप तिथला कोच देतो, मधला माणूस हमी देऊच शकत नाही. मी इथे पंधरा वर्षं आहे, शेजारपाजारची पोरं या वाटेने जाताना पाहिली आहेत.

दुसरं, जे एजंट सांगत नाहीत. एनसीएए (तिथल्या कॉलेजच्या खेळांची संघटना) हिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, खेळण्यासाठी पाच वर्षांचं घड्याळ असतं. ते अमेरिकेत आल्यावर नाही, जगात कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतल्या दिवसापासून चालू होतं. तुमच्या भाच्याचं ते चालू झालेलं आहे. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. डिव्हिजन टू आणि एनएआयए (कॉलेज खेळांची दुसरी संघटना) यांचे नियम वेगळे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत सगळंच झपाट्याने बदलतंय, म्हणून एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (पात्रता ठरवणारा विभाग) साइटवर स्वतः बसून वाचा. पैसे मिळणाऱ्या लीगमध्ये करार करायच्या आधी तर नक्कीच वाचा.

भारतातून इथे आलेल्यांत मुली आठवतात. कविता अकुला ग्रँड कॅनियनला, संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाला. लहान वयातच पक्कं करून, शाळेचे मार्क आणि परीक्षा सांभाळून आलेल्या. सतनाम सिंग भामरा २०१५ च्या ड्राफ्टमध्ये एनबीएच्या डॅलस संघाने ५२ वा निवडला, तो शाळेच्या वयातच फ्लोरिडाच्या अकादमीत आला होता, ७ फूट २ उंची होती, तरीही एनबीएचा एकही नियमित सामना त्याला मिळाला नाही. हे पोराला खचवायला सांगत नाही. दार किती अरुंद आहे ते त्याला माहीत असायला हवं.

तरी प्रयत्न करायचाच असेल तर फुकटात होतो. दोन पूर्ण सामन्यांचं चित्रण, एका जागी कॅमेरा लावून. निवडक बास्केटची गाणी लावलेली क्लिप कोच दहा सेकंदांत बंद करतात. चुका दिसू देत. बरोबर मार्कशीट आणि चार ओळींचं पत्र. पत्र पोराने स्वतः लिहायचं.

लेकीची_आई

मामा, 'आपल्याकडे प्रो म्हणजे काय' याचं उत्तर देते, कारण आमच्या घरात हे झालंय.

लीग येतात-जातात. यूबीए होती, तीन वर्षांत थांबली. आयएनबीएल २०२२ पासून आहे. चांगलं आहे, खेळावं, पण त्यावर घर चालत नाही. आपल्याकडे बास्केटबॉलवर ज्यांचं पोट चालतं ते बहुतेक नोकरीवाले: रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक. त्यांचे संघ आहेत, पगार महिन्याला येतो, आणि राष्ट्रीय संघात जाणारेही बरेचसे तिथलेच. आपल्या पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळत भारताकडून खेळली. २०१७ मध्ये बंगळूरला मुलींनी आशिया चषकाचा ब गट कझाकस्तानला ७५-७३ हरवून जिंकला, तो सामना आम्ही मायलेकींनी ओरडत पाहिला होता.

माझी लेक खेळाडू कोट्यातून लागली. ट्रायलच्या दिवशी तिच्याबरोबर आलेल्या एका मुलीचं प्रमाणपत्र चुकीच्या नमुन्यात निघालं. तिचा खेळ माझ्या लेकीहून सरस होता. ती गेटवर उभी राहून रडत होती, ते मी विसरू शकत नाही. म्हणून हात जोडून सांगते, आंतरविद्यापीठाचं प्रमाणपत्र आजच मागवा, नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं वर्ष तपासा, मूळ प्रत घरी ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथेही पडताळणीशिवाय पुढे सरकत नाही.

ताईंना सांगा, बी.कॉम. सोडायचं नाही. पदवी असली की जागाही वरची मिळते.

पांढरी_रेघ

मी सामन्यात टेबलावर बसतो, स्कोअर आणि शॉट क्लॉक (किती सेकंदांत बास्केटकडे चेंडू मारायचा ते घड्याळ) सांभाळतो. कॉलेजची पोरं तिथून वेगळी दिसतात. एकच सांगतो. आक्रमक रिबाउंड, म्हणजे आपलाच हुकलेला चेंडू रिंगवरून परत आपल्याला मिळाला, की घड्याळ २४ वर नाही, १४ वर येतं. आपल्या बाजूच्या निम्म्या पॉइंट गार्डना हे त्या क्षणी सुचत नाही. ते चेंडू घेऊन वर जातात, संपूर्ण चाल नव्याने मांडतात, आणि ४ सेकंद उरल्यावर कुणीतरी कसाही फेकतो. तुमचा भाचा घड्याळाकडे बघतो का, ते पाहा. जो बघतो तो मला लांबून ओळखू येतो.

आणि बदली झाल्यावर बेंचवर कसा बसतो तेही.

पुण्याचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटाला काल नकार दिला. भाचा रात्रभर बोलला नाही, सकाळी ओहायोकरांचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला, मग चहा घेतला.

उंची भिंतीला टेकवून अनवाणी मोजली. ५ फूट १० आणि वर जेमतेम पाव इंच. हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मात्र ६ फूट १ भरले. याचा काही उपयोग?

जुना_गार्ड, पासबद्दल तुमचं बरोबर निघालं. जुनी चित्रणं पुन्हा पाहिली. पिक घेऊन वळला की सेंटर मोकळा आत धावतो, हात वर करतो, हा बघतसुद्धा नाही. एका सामन्यात सात वेळा मोजलं. त्याला शेजारी बसवून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला, म्हणाला, "मामा, मला तो दिसतच नाही, मला फक्त रिंग दिसते."

बेंचवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो. हे मला आधी खटकलंच नव्हतं.

जुना_गार्ड

हातांचा उपयोग आहे, आणि मोठा आहे. उंचीपेक्षा तीन इंच लांब हात म्हणजे बचाव. टी. जे. मॅकॉनेलला २०१५ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. समोरच्या गार्डला पूर्ण कोर्टभर चेंडू आणताना छळायचं, इनबाउंडचा (रेषेबाहेरून आत टाकलेला) पास चोरायचा, यावर त्याने एनबीएत जागा कमावली आणि टिकवली. नोकरीवाल्या संघांनाही असा माणूस हवा असतो, कारण बास्केट करणारे त्यांच्याकडे असतातच. पोराला सांगा, ट्रायलला गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या माणसाला चेंडू मध्यरेषेपलीकडे सुखाने आणू द्यायचा नाही.

'मला फक्त रिंग दिसते' असं जो स्वतः सांगतो, त्याला शिकवता येतं. सरावात तीन-तीनचा अर्धा कोर्ट खेळवा, अट एकच: पहिल्या दहा मिनिटांत त्याने स्वतः बास्केट मारायची नाही. चिडेल. खेळू द्या.

शक्यता विचारलीत, तर माझं मत स्पष्ट आहे. अमेरिका धरू नका. वर्षभरात डावा हात, फ्री थ्रो ७५ च्या वर आणि तो सेंटरला दिलेला पास, एवढं झालं तर राज्याच्या सीनियर ट्रायलला पाठवायला लाज वाटणार नाही. तिथून नोकरीच्या संघाचं दार दिसतं.

पुण्याचा_मामा

आज सकाळी साडेसहाला मैदानावर गेलो दोघं. मायकन ड्रिल, फक्त डावा. वीसमध्ये सहा. तीनदा चेंडू त्याच्या पायावरच आपटला. मग पळून पळून ५० फ्री थ्रो, २९ गेले.

ताईला फोन केला, सीएचं पुढच्या वर्षी बघू म्हणाली, पण बी.कॉम.चे मार्क ६० च्या खाली नकोत अशी अट घातली. भाच्याने हो म्हटलंय. प्रमाणपत्रासाठी सोमवारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात जातोय.

एक विचारायचं राहिलं. फ्री थ्रो मारताना त्याचा डावा हात चेंडूला बाजूने ढकलतो असं मला वाटतं, चेंडू जरा उजवीकडे वळून जातो. हे चित्रण करून टाकू का इथे?

जुना_गार्ड

टाका. समोरून एक आणि बाजूने एक, कोपर दिसेल असं.