मदत हवी आहे: गिळायचा गॅस्ट्रिक बलून कोणी केलाय का? आणि तो गेल्यावर पुढे काय?

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचक आहे, लिहायची ही दुसरीच वेळ, विभाग चुकला असेल तर हलवा.

वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ८४. बीएमआय ३३.६ येतो. वजन मला कमी करता येत नाही असं नाही हां, चार वेळा केलंय, दर वेळी सात-आठ किलो उतरवले आणि वर्षभरात व्याजासकट परत आले. शुगर बॉर्डरवर आहे. गुडघे कुरकुरतात त्यासाठी रोज एक गोळी चालू आहे, बाकी औषध काही नाही. रात्री जळजळ होते म्हणून दोन उशा घेऊन झोपते, पण ते काय आता वयाप्रमाणे चालायचंच.

माझ्या मोठ्या बहिणीची स्लीव्ह सर्जरी (जठराचा मोठा भाग कापून टाकतात ती) झालीये, ती मजेत आहे आणि माझ्याही मागे लागलीये. पण मला भूल म्हटलं की हातपाय गार पडतात. याला कारण आहे, ते लिहायला बसले तर वेगळा धागा होईल. म्हणून जेव्हा कळलं की पोटात जागा अडवून भूक कमी करणारा एक बलून असा आहे की जो कॅप्सूलसारखा नुसता गिळायचा, भूल नाही, एन्डोस्कोपी नाही, टाके नाहीत, तेव्हा वाटलं हा आपल्याचसाठी काढलाय.

गेल्या आठवड्यात एका क्लिनिकात जाऊन आले. काउन्सेलर बाईंनी भरलेला बलून टेबलावर ठेवला. मी हातात घेतला तर गार, लिबलिबीत आणि वाटलं त्यापेक्षा जड. साधारण ५५० मिली पाणी असतं म्हणे त्यात, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा थोडं जास्तच. ते पोटात घेऊन सोळा आठवडे फिरायचं, मग तो आपोआप रिकामा होतो आणि शौचावाटे निघून जातो. गिळायचं कसं हे त्यांनी पंधरा मिनिटं रंगवून सांगितलं. मी विचारलं, सतराव्या आठवड्यात काय? तर म्हणाल्या "तोवर सवयी लागतात ना मॅडम". अहो सवयी लागल्या असत्या तर मी इथे आले असते का!

तर ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा. गिळता येतो का नक्की, कारण मला साधी व्हिटॅमिनची मोठी गोळी गिळताना मान हलवावी लागते, मांजराला औषध पाजल्यासारखी. पहिले दिवस कसे जातात, ऑफिसला किती सुट्टी टाकू? पोटात मध्येच फुटला तर कळतं का? आणि मुख्य म्हणजे नंतर वजन टिकलं का?

आडवातिडवा

चार घास कमी खा आणि रोज तासभर चाला. बलून फुकट.

खिडकीजवळची

@आडवातिडवा, धन्यवाद दादा, हे मला एक्केचाळीस वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं.

मधली_सुट्टी

मी केलाय, दोन वर्षं होत आली. सुरुवात ९१ होती, बलून गेला तेव्हा ८०, आज ८५. म्हणजे अकरा उतरले त्यातले पाच परत आले. हा हिशोब आधीच देते म्हणजे बाकीचं वाचताना डोक्यात राहील.

गिळणं हा सगळ्यात सोपा भाग निघाला. कॅप्सूल मोठी असते हे खरं, तिला एक लांब बारीक नळी जोडलेली असते, ती तोंडातून बाहेर लोंबत राहते. एकीकडे घोट घोट पाणी प्यायचं आणि गिळत राहायचं. मला दोनदा उमासा येऊन बाहेर आली, तिसऱ्यांदा त्यांनी नळीत एक पातळ तार घालून जरा आधार दिला आणि गेली. मग एक्सरे काढून पोटातच आहे ना ते बघतात, नळीतून पाणी भरतात, पुन्हा एक्सरे, आणि नळी ओढून काढतात. ती घशातून सरकताना जाणवते, दुखत नाही. वीसेक मिनिटांत मी उठून बसले होते आणि नवऱ्याला म्हणाले, हे तर काहीच नव्हतं!

संध्याकाळी सुरू झालं. पोटाला कळतच नाही ना की हे काय आलंय, ते आपलं त्याला ढकलून बाहेर काढायला बघतं. कळा, मळमळ, उलट्या. उलटीची गोळी, ॲसिडची गोळी आधीपासूनच चालू होती तरीसुद्धा. मी दीड दिवस बाथरूमच्या दाराशी गादी टाकून झोपले होते आणि चमच्याने पाणी पीत होते, खरंच चमच्याने, कारण घोट घेतला की बाहेर. तिसऱ्या दिवशी जरा बरं, पाचव्या दिवशी माणसात. सुट्टी आठवडाभराची टाका, दोन दिवसांची टाकून फसाल. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिले तर वजन वाढलेलं, अहो पाण्याचं अर्धा किलो पोटात आहे ना!

पहिला आठवडा फक्त पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं. भूक खरंच मरते पण ती पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. नंतर पोटाला सवय होते. जेवण पोटात तासन् तास राहतं त्यामुळे ढेकर येतो तो कालच्या जेवणाचा, याला तयार रहा. बलून कधी गेला ते मला कळलंही नाही, फक्त एका दिवशी सकाळी भूक लागली, खणखणीत, जुन्यासारखी, आणि मी समजले. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

खिडकीजवळची

@मधली_सुट्टी ताई, एवढं मोकळं लिहिलंत, खूप आभार. ते पाच किलो परत आले ते कशामुळे वाटतं? आणि पुन्हा कराल का?

मधली_सुट्टी

फॉलोअप बंद झाला म्हणून. सोळा आठवडे डाएटिशियन दर आठवड्याला फोन करायची, वजन विचारायची, मीही घाबरून नीट खायचे. पॅकेज संपलं, फोन संपले, येरे माझ्या मागल्या. तुम्ही पैसे भरायच्या आधी एवढंच लेखी विचारा की बलून गेल्यावर किती महिने कोण बघणार. पुन्हा करेन का? तो पहिला दीड दिवस आठवला की नाही म्हणते, काटा बघितला की हो म्हणते.

कासवगती

थोडी माहितीची भर. "गिळायचा" या शब्दावर जाऊ नका, प्रत्येक गिळायचा बलून आपोआप जातोच असं नाही. ओबालॉन नावाचा एक होता, अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली होती, त्यात पाणी नाही तर गॅस भरायचे आणि एकामागून एक तीन फुगे गिळायचे, पण सहा महिन्यांनी ते काढायला एन्डोस्कोपी लागायचीच. तुम्ही सांगताय तो सोळा आठवड्यांचा म्हणजे ॲल्युरियन, आधीचं नाव एलिप्स. त्याच्या झडपेला धरून ठेवणारा भाग पोटात हळूहळू विरतो, वेळ भरली की झडप उघडते, पाणी निघून जातं आणि उरतं ते पातळ रिकामं कातडं. त्यामुळे मध्येच रिकामा झाला तरी बहुतेक वेळा तसाच निघून जातो. क्वचित तो आतड्यात अडकतो आणि मग ऑपरेशनच करावं लागतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं. म्हणून नंतर कधीही पोट फुगलं, गॅस सरेना, उलट्या थांबेनात असं झालं तर घरी थांबू नका.

फ्रान्समध्ये तिथल्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये याची विक्री थांबवली होती, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा परवानगी दिली. घाबरवायला नाही सांगत, पण "काहीच धोका नाही" असं कोणी म्हणालं तर हे आठवा.

अपेक्षेचं म्हणाल तर साधारण १० ते १५ टक्के वजन उतरतं असं अभ्यासांत दिसतं. तुमच्या ८४ वर म्हणजे साडेआठ ते साडेबारा किलो. तुम्ही चार वेळा सात-आठ उतरवलेत स्वतःच्या जोरावर! म्हणजे तुमचा प्रश्न उतरवण्याचा नाहीच, टिकवण्याचा आहे, आणि त्याचं उत्तर बलूनमध्ये नाही. वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांना विचारलंत का? त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. तीही बंद केली की वजन परत येतं म्हणा, वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं होतं.

घड्याळजी

मी भूलतज्ज्ञ आहे, आमच्या मंडळींवर तुमचा राग दिसतोय, तो असू द्या. :)

तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टी बलूनपेक्षा जास्त खटकल्या. एक, गुडघ्यासाठी "रोज एक गोळी". कोणती? डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यातली असेल तर बलून असताना ती चालत नाही. या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात आणि वर बलून तिथेच घासत बसणार, म्हणजे अल्सर आणि रक्तस्रावाला आमंत्रण. क्लिनिकात कोणी विचारलं नाही का?

दोन, त्या दोन उशा. वयाप्रमाणे चालायचंच असं काही नसतं. जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून छातीत सरकलेला असू शकतो, हायटस हर्निया म्हणतात त्याला, आणि तो मोठा असेल तर बलून घालतच नाहीत. नसला तरी बलूनने जळजळ वाढते, कमी होत नाही. हे आधी बघून घ्या. पूर्वी पोटाची सर्जरी झाली असेल, रक्त पातळ करायची औषधं असतील तर तेही सांगा.

आणि बलून असताना दुसऱ्या कशासाठी इमर्जन्सीत जायची वेळ आली तर पहिलं वाक्य "माझ्या पोटात बलून आहे" हेच बोला. तुम्ही बारा तास उपाशी असलात तरी पोट रिकामं नसतं, आणि आम्ही ते रिकामं समजून भूल दिली तर ते अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं. पोटातली कळ पाठीत जात असेल तर स्वादुपिंडाची सूज आहे का तेही बघावं लागतं. एन्डोस्कोपीने घालायच्या पाण्याच्या बलूनबद्दल एफडीएने २०१७ मध्ये असा इशारा दिला होता, जात एकच आहे म्हणून हाही तसा लक्षात ठेवायचा.

खिडकीजवळची

@घड्याळजी सर, पाकीट बघितलं. डायक्लोफिनॅकच आहे. तीन वर्षं रोज घेतेय, शेजारच्या मेडिकलवाल्याने पहिल्यांदा दिली होती तीच चालू. क्लिनिकच्या फॉर्मवर "नियमित औषधे" असा रकाना होता त्यात मी "नाही" लिहिलं, कारण मला ते औषध वाटतच नव्हतं, गुडघ्याची गोळी वाटत होती. म्हणजे चूक माझीही आहे. उद्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाते.

निवांत_पावसाळी

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझी मैत्रीण याच विचारात आहे, तिला लिंक पाठवतेय.

खिडकीजवळची

धागा वर काढतेय, अपडेट द्यायला.

डॉक्टरांनी आधी गोळीवरून झापलं, ती बंद. सध्या वरून लावायचं जेल आणि फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. गुडघे कुरकुरतायत पण मेले नाहीत. हिमोग्लोबिन ९.८ म्हणजे कमी आलंय, त्यामुळे गोळीने आत काही जखम केलीये का आणि हर्निया आहे का हे दोन्ही बघायला त्यांनी एन्डोस्कोपी सांगितली आहे. ज्या नळीला घाबरून मी बलूनकडे पळाले तीच दारात उभी! बहीण फोनवर पाच मिनिटं हसत होती.

बलूनचं तोवर थांबवलंय. क्लिनिकच्या बाईंचा ऑफरचा मेसेज दोनदा आला, या महिन्याअखेरपर्यंतच म्हणे. मी उलट विचारलं की सोळा आठवड्यांनंतर फॉलोअप कोण आणि किती दिवस, त्यावर दोन निळ्या टिका आल्या आणि उत्तर अजून नाही. इंजेक्शनांचं डॉक्टर म्हणाले रिपोर्ट आल्यावर बोलू.

तर आता धाग्याचा विषय जरा बदलून नवीन मदत हवी आहे. एन्डोस्कोपी भूल न घेता, नुसता घशात स्प्रे मारून करता येते म्हणाले. कोणी केलीये का अशी? शुक्रवारी सकाळी साडेनऊची वेळ आहे.

मधली_सुट्टी

मी केलीये, बलूनच्या आधी. पाच-सात मिनिटांचं काम. स्प्रेने घसा बधिर होतो तेव्हा आपल्याला गिळता येत नाहीये असं वाटून घाबरायला होतं, ते तसंच असतं, गिळू नका. डाव्या कुशीवर झोपवतात, लाळ गालातून खाली गळू द्या, लाजू नका, टॉवेल ठेवलेला असतो. श्वास नाकाने. मी तोंडाने घ्यायला गेले आणि तिथेच उमासे आले. आणि डोळे मिटू नका, समोर भिंतीवर काही असेल ते मोजत बसा. मी फरशा मोजल्या होत्या.

घड्याळजी

हे सगळं बरोबर. फक्त नंतर तासभर काही खाऊपिऊ नका, घसा बधिर असतो, ठसका लागेल. आणि भूलतज्ज्ञ खोलीत दिसला तर घाबरू नका, तो बहुतेक चहा प्यायला आलेला असतो.

खिडकीजवळची

:D शुक्रवारी संध्याकाळी लिहिते.