चोइथराम मंडीत पालेभाजी पाठवताना काढणीची वेळ कोणती ठेवावी?

प्रश्न (राऊकर)

नमस्कार मंडळी. इंदूरजवळ राऊच्या पुढे आमची दोन एकर काळी जमीन आहे. तीत मेथी, पालक आणि कोथिंबीर घेऊन माल चोइथराम मंडीत आडत्यामार्फत विकतो. डिसेंबर-जानेवारीत सगळीकडचा माल एकदम येतो आणि मेथीचा भाव इतका पडतो की काढणीची मजुरीही सुटत नाही. पावसाळ्यात कोथिंबिरीला चांगला भाव असतो, पण नेमकी तेव्हा ती आमच्याकडे नसते. शिवाय दुपारी काढलेला माल पहाटेच्या बोलीपर्यंत कोमेजतो, आणि पाणी मारून पाठवला तर पोत्याच्या मधला भाग काळा पडतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (जुना बागायतदार)

दोष नुसत्या पाण्याचा नाही. कापलेले पानही श्वसन करत राहते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. दुपारचा तापलेला माल गच्च पोत्यात भरला की ती आतच कोंडते, आणि वरून पाणी मारले असेल तर हवा खेळायची बंद होऊन कुजण्याला आयते निमित्त मिळते. व्यापारी जुडी उलटी करून आधी देठ पाहतो, मग पोत्याच्या पोटात हात घालतो. आत ऊब लागली की बोली तिथेच उतरते.

म्हणून काढणी ऊन कलल्यावरच सुरू करावी. जुड्या सावलीत ओल्या गोणपाटावर, देठ खाली ठेवून, पातळ पसराव्यात आणि पुरत्या थंड झाल्यावरच भराव्यात. कोथिंबिरीची मुळे धुतली तर पाणी निथळू द्यावे. दवाने ओली झालेली भाजी तशीच पोत्यात कोंबू नये. शक्य असेल तर पोत्याऐवजी प्लॅस्टिकचे क्रेट वापरावेत. त्यांना भाड्यात जागा जास्त लागते हे खरे, पण खालचा थर चेंगरत नाही. शेताला पाणी काढणीच्या आदल्या दिवशी हलके द्यावे. पान गर्द हिरवे दिसावे म्हणून काढणीच्या तोंडावर युरिया टाकण्याची आपल्याकडे फार हौस आहे. त्याने पान लुसलुशीत होते, पण टिकत नाही.

उत्तर २ (सिमरोलहून)

भावाचे उत्तर पेरणीत शोधावे लागेल. सगळे क्षेत्र एकदम न पेरता वाफे पाडून आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावे. मेथी साधारण 25 ते 30 दिवसांत निघते, कोथिंबिरीला 40 दिवसांच्या आसपास लागतात, आणि पालकाचा पहिला कापा महिन्याभरात घेतल्यावर पुढचे कापे पंधरा-वीस दिवसांनी मिळत राहतात. पालकासाठी ‘ऑल ग्रीन’ आणि मेथीसाठी ‘पुसा अर्ली बंचिंग’ हे जुने, खात्रीचे वाण आहेत.

पावसाळी कोथिंबीर काळ्या जमिनीत सपाट वाफ्यावर घेऊ नका, कारण पाणी साचले की रोपे मुळाशी सडतात. गादीवाफा आणि वर शेडनेट हवीच. धणे हलके रगडून दोन फाकी करावे व रात्रभर भिजवून पेरावे. जोखीम आहे, पण बहुतेकांचा माल सडतो म्हणूनच तेव्हा भाव असतो.

मेथी अगदीच मातीमोल झाली तर मजुरी भरून ती मंडीत नेण्यापेक्षा जमिनीत गाडावी. ती शेंगवर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळते आणि पुढच्या पिकाला त्याचा उपयोग होतो. उभ्या पिकावर नांगर फिरवायला हात धजत नाही, हे मान्य.

उत्तर ३ (रामबाग, इंदूर)

मी शेतकरी नाही, गिऱ्हाईक आहे. आमच्या भागातल्या मराठी घरांतून शेपू, चुका, अंबाडी यांची विचारणा कायम असते. मंडीत अशा भाज्यांना मोठा उठाव नसेल, पण दोन-तीन हातगाडीवाल्यांशी बोलून थोडा थोडा माल थेट दिला, तर तो पडून राहणार नाही.

राऊकर

सर्वांचे आभार. या रविवारपासून काढणी संध्याकाळी करतो आणि दोन वाफ्यांत शेपू टाकतो. एक राहिले: आडत्या हिशेब आठवड्याने एकत्र देतो, तेव्हा कोणत्या दिवशीच्या मालाला काय भाव मिळाला ते कळतच नाही.

जुना बागायतदार

पट्टी, म्हणजे विक्रीचा लेखी हिशेब, त्याच दिवशी मागा, आणि वजन, भाव, हमाली व आडत (आडत्याची दलाली) हे आकडे त्यात वेगवेगळे लिहून घ्या. देण्यास टाळाटाळ झाली, तर थोडा माल शेजारच्या गाळ्यावर पाठवून दोन्ही पट्ट्या ताडून पाहा.